फ्रीजच्या नावावर

१

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. आईने तसं बजावलं होतं. खरं तर मला बजावायची गरज नसते. वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नाही आणि बाई मान वर करून मी आले आहे ना ते बघतात. पण लिहिणं म्हणजे सांगणं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे. शिवाय आजच लिहून ठेवायला एक कारण आहे. ते शेवटी येईल.

घरात आम्ही चौघं. आई हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिची ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रपाळी. बाबा बस डेपोत आहेत, पण बस चालवत नाहीत. कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर जाणार हे ते ठरवतात. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून माणसांच्या आणि गाड्यांच्या जोड्या लावायच्या, हे त्यांचं काम. मी नववीत आहे. घरात मला मोठी म्हणतात. माझी बहीण पहिलीत आहे. तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही. घास तोंडात आणि ही टेबलाभोवती. दात घासतानाही स्वतःभोवती फिरते आणि आरशावर फेस उडवते. आई म्हणते, हिला जन्मायच्या आधीपासून कुठेतरी पोचायची घाई आहे.

थंडीच्या दिवसांत एकदा भिंगरी शाळेतच राहिली. आईला वाटलं बाबा आणतील. बाबांना वाटलं मी आणेन. मला वाटलं, आईची सकाळची ड्युटी आहे म्हणजे तीच जाईल. दिवे लागायच्या सुमाराला शाळेतून फोन आला. मी धावत गेले तेव्हा फाटकावरच्या मावशी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या होत्या. भिंगरी दप्तर पाठीवर तसंच ठेवून फाटकाचा गज धरून उभी होती. फिरत नव्हती. मला बघून ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "कुणीच नव्हतं का?"

मी तिचं दप्तर घेतलं.

२

त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले की घराला आता एक ड्युटी चार्ट पाहिजे. आई म्हणाली, "चार्ट डेपोत असतो. घरात माणसं असतात." पण दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिनेच मला बाजूला घेऊन सांगितलं, की कामं वाटून देणारं एखादं ॲप मिळतं का बघ, तुला त्यातलं कळतं.

पहिलं ॲप बाबांना फार आवडलं. त्यात रकाने होते, करायचं, चालू आहे, झालं, आणि कामाचं कार्ड एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायचं. बाबांनी भांड्यांचं कार्ड दिवसभर "चालू आहे"मध्ये ठेवलं. सिंक भरून वाहायला लागलं. आईने विचारलं, डेपोत याला काय म्हणतात. बाबा म्हणाले, गाडी वाटेत आहे. ते ॲप त्याच संध्याकाळी गेलं.

दुसऱ्यात एक झाड होतं. कामं केली की ते वाढायचं, राहिली की सुकायचं. भिंगरीने एकदा दूध टाकलं आणि झाडाची पानं गळली. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. झाड मेलं ते माझ्यामुळे, म्हणून ती उशीत तोंड घालून बसली. तेही गेलं.

तिसरं ॲप प्रत्येक काम झाल्यावर बिगूल वाजवायचं आणि स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडवायचं. आईने वॉर्डात उभ्या उभ्या "दाताच्या डॉक्टरांची वेळ घेणे" यावर खूण केली आणि तिच्या खिशात बिगूल वाजला. शेजारच्या खाटेपाशी तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाच्या मुली रडत होत्या. घरी आल्यावर फोन माझ्या हातात देत ती म्हणाली, काढून टाक.

चौथं मी शोधलं. पांढरं, साधं, आवाज नसलेलं. कामाचं नाव, खाली माणसाचं नाव, बाजूला त्या माणसाच्या रंगाचा गोल. काम झालं की एक बारीक हिरवी खूण. मला ते आवडलं कारण ते कुणावर ओरडत नव्हतं. त्याची अट एकच होती. काम कुणाच्या तरी नावावर असल्याशिवाय ते नोंदवून घेत नसे. आईला तेच पटलं. ती म्हणाली, वॉर्डातही असंच असतं, प्रत्येक पेशंट कुणाच्या तरी नावावर असतोच, नाहीतर तो रात्रभर पाणी मागत राहतो आणि प्रत्येकीला वाटतं दुसरीने दिलं असेल.

भिंगरीला नीट वाचता येत नाही. पण तिला या गोलांची फार गंमत वाटायची. आईचा हिरवा, बाबांचा निळा, माझा जांभळा. सकाळी उठली की ती विचारायची, "आज मी कुणाच्या नावावर?" आणि बाबा डेपोतल्यासारखा आवाज काढून सांगायचे, की सकाळी आईच्या, दुपारी मोठीच्या, संध्याकाळी माझ्या, एवढी मागणी तर आमच्या नव्या गाडीलाही नाही. ती हसत गोल फिरायची. आम्ही सगळेच हसायचो.

३

भिंगरीकडे फोन नाही आणि त्या बिगुलानंतर आई ड्युटीवर फोन बघत नाही. म्हणून बाबांनी त्यांचा काच तडकलेला जुना फोन फ्रीजच्या दारावर चुंबकाने अडकवला आणि कायमचा चार्जरला लावला. म्हणजे स्वयंपाकघरात येणाऱ्या जाणाऱ्याला कामं दिसतील. त्या फोनवर ॲप उघडायला आणखी एक माणूस भरावा लागत होता. बाबांनी नाव टाकलं, फ्रीज. ॲपने त्याला आपणहून रंग दिला. पांढरा. पांढऱ्या स्क्रीनवर पांढरा गोल, नुसती त्याची कडा दिसायची.

डेपोत एक रीत आहे, ती इथे सांगायला हवी. एखाद्या गाडीला ड्रायव्हर मिळत नसला तर कॉम्प्युटर चार्ट पुढे जाऊ देत नाही, रिकामी जागा त्याला चालत नाही. म्हणून तिथल्या लोकांनी एक खोटा ड्रायव्हर करून ठेवला आहे. त्याला चेहरा नाही, गणवेश नाही, नुसता नंबर. त्याच्या नावावर गाडी टाकली की चार्ट पुरा होतो, आणि ऐन वेळी सुट्टीवरचा कुणीतरी येऊन ती गाडी घेतो. बाबा म्हणतात, त्या नंबराइतका भरवशाचा माणूस डेपोत दुसरा नाही, कधी आजारी पडत नाही.

हीच रीत त्यांनी घरी आणली. ज्या कामावरून आमची तू कर, मी कर अशी ओढाताण व्हायची, ते काम फ्रीजच्या नावावर. कपड्यांच्या घड्या, फ्रीज. झाडांना पाणी, फ्रीज. आईने एकदा विचारलं, त्याला साप्ताहिक सुट्टी आहे की नाही.

आणि कामं व्हायला लागली. यात आश्चर्य काही नव्हतं. ज्याला वेळ मिळे तो काम करी आणि समोरच्याच फोनवर खूण करी, म्हणून खूण फ्रीजच्या नावाने पडायची. एवढं मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी कशालाही घाबरणारी मुलगी आहे असं वाचणाऱ्याला वाटू नये, म्हणून हे लिहिते आहे. मी बोलत नाही, पण विचार करते.

४

पुढच्या खोलीत फळीवर प्लास्टिकची फुलं आहेत, आईला एका पेशंटने बरा होऊन जाताना दिलेली. एका दुपारी मी शाळेतून आले तेव्हा फळीवरून थेंब थेंब पाणी पडत होतं. फुलदाणी काठोकाठ भरली होती. खिडकीतल्या खऱ्या कुंड्याही ओल्या होत्या. फोनवर "झाडांना पाणी" यापुढे हिरवी खूण.

मला वाटलं, भिंगरी. भिंगरी म्हणाली, मी नाही. लहान मुलं असं म्हणतातच.

मग कपडे. कपाटात घड्या इतक्या सरळ होत्या की पट्टी लावून केल्यासारख्या. पण सगळे कपडे ओले होते. कुणीतरी दोरीवरून ओलेच काढून घड्या करून ठेवले होते आणि दोन दिवसांत कपाटाला कुबट वास मारायला लागला. आईने मला चांगलंच फैलावर घेतलं. उलट उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून मी तो दोष घेतला. पण रात्री अंथरुणात पडून विचार करत राहिले. "कपड्यांच्या घड्या" असं काम लिहिलं होतं. वाळल्यावर, असं कुठे लिहिलं नव्हतं.

मग भिंगरीची वही. तिचा गृहपाठ तपासायचं काम बाबांचं होतं, पण डेपोत माणसं कमी पडली आणि बाबा उशिरा यायला लागले, म्हणून ते त्यांनी फ्रीजवर टाकलं. मी वही उघडली तेव्हा प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण होती. चुकलेल्या बेरजांपुढेही. पानाच्या नंबरापुढेही. वहीच्या पुठ्ठ्यावर तिचं नाव आहे, त्याच्यापुढेही एक खूण होती.

आणि मग वेणी. भिंगरीची वेणी आई घालायची, नाहीतर मी. त्या आठवड्यात आईची सकाळची ड्युटी होती आणि माझी चाचणी परीक्षा. एका सकाळी मी आंघोळ करून आले तर भिंगरी वेणी घालून टेबलाशी बसली होती. वेणी इतकी घट्ट होती की तिचे डोळे किंचित बाजूला ओढले गेले होते. मी जवळ जाऊन पाहिलं. चार पेडांची वेणी. आमच्या घरात कुणालाच चार पेडांची वेणी येत नाही. टोकाला रबर नव्हतं, रिबन नव्हती, तरी ती सुटत नव्हती. मी तिच्या मानेला हात लावला. मान गार होती.

मी विचारलं, वेणी कुणी घातली.

"ती घालते," भिंगरी म्हणाली.

"ती कोण?"

"जिच्या नावावर आहे ती."

आणि ती दूध पिऊ लागली. संध्याकाळी मी आईला विचारलं तर तिला वाटलं मीच घातली आहे आणि कौतुक करून घेते आहे. छान जमली की, म्हणाली, आणि डोळे मिटून खुर्चीत मागे टेकली. एक गोष्ट मात्र मला फार उशिरा सुचली. त्या सकाळी भिंगरी बसून दूध पीत होती. पूर्ण पेला होईपर्यंत बसून.

५

माझा शाळेनंतर गणिताचा जादा तास असतो. म्हणून भिंगरीला आणायचं काम त्या महिन्यात बाबांच्या नावावर होतं. ते मी करत नाही एवढं मला माहीत होतं. रोज संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा ती घरी असायची आणि कामापुढे हिरवी खूण असायची. खूण दिसली की खालचं नाव कुणी वाचत नसे, आणि कोणी आणलं, हे विचारायची गरजच पडली नाही. त्यासाठीच तर ते ॲप घेतलं होतं.

एक दिवस गणिताच्या सरांना बरं नव्हतं. तास झाला नाही. मी वाट वाकडी करून भिंगरीच्या शाळेवरून गेले, म्हटलं आज आपणच तिला नेऊ, बाबांची एक फेरी वाचेल. शाळा नुकतीच सुटली होती. फाटकावरच्या मावशी खुर्ची आत घेत होत्या. त्यांनी मला ओळखलं. त्या म्हणाल्या, गेली की तुझी बहीण, आत्ताच.

मी विचारलं, बाबा आले होते का.

"बाबा कुठले? तीच आली होती, रोजची. तुझी आत्या का मावशी कोण ती?" त्यांनी खुर्ची भिंतीला लावली. "बोलत नाही, काही नाही. तुमच्या घरात सगळ्यांनाच बोलायचं वावडं दिसतंय."

मला विचारावं लागलं, की ती दिसते कशी. असा प्रश्न विचारणं मला फार जड जातं, त्यातून आपल्याच घरच्या माणसाबद्दल. मावशींनी जरा विचार केला. उंच आहे, म्हणाल्या. पांढरं काहीतरी घालते, तुझी आई नर्स आहे ना, मला वाटलं तिच्याबरोबरची असेल. फाटकापाशी कधी येत नाही, त्या कोपऱ्यावर उभी राहते. पोरगी लांबूनच ओळखते, मग मी सोडते.

"चेहरा?" मी विचारलं.

मावशी हसल्या. "एवढ्या लांबून माझ्या डोळ्यांना दिसतंय होय. पण येते बाई वेळेवर. तुम्हा लोकांपेक्षा बरी."

६

घरापर्यंत मी धावले की चालले ते आठवत नाही. जिन्यात मात्र मी हळू झाले. स्वतःला समजावलं, की आईने कुणाला तरी सांगितलं असेल. वॉर्डातली एखादी. आई सांगायला विसरली असेल. हे अगदी शक्य होतं.

दाराला बाहेरून कुलूप होतं. भिंगरीकडे किल्ली नसते. मी माझ्या किल्लीने उघडलं. चपलांच्या कपाटाशी तिचे बूट होते, एकमेकांना चिकटून, सरळ रेषेत. नाड्या बांधलेल्याच होत्या. गाठी न सोडता कुणी पायातून बूट काढले होते.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात दुधी काच आहे. पलीकडचं माणूस दिसतं, पण डाग पडल्यासारखं. दुपारचं ऊन पलीकडच्या खिडकीतून त्या काचेवर येत होतं. फ्रीजची घरघर ऐकू येत होती. मी काचेसमोर उभी राहिले.

खिडकीपाशी स्टुलावर भिंगरी होती. तिच्या गणवेशाचा निळा डाग मी ओळखला. तिचं डोकं मागे ओढल्यासारखं कललेलं होतं. आणि तिच्या मागे काहीतरी पांढरं होतं. उंच, सरळ, खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत.

मी मनात म्हटलं, फ्रीज आहे तो. पांढरा असतो, उंच असतो. तू फ्रीजकडे बघते आहेस.

घरघर माझ्या डाव्या हाताला होती. भिंतीच्या लगेच पलीकडे. कारण आमचा फ्रीज दाराच्या भिंतीला लावलेला आहे. इथे उभं राहून काचेतून तो दिसत नाही, कधीच दिसलेला नाही.

मी तशीच उभी होते. मग ते पांढरं थोडं वाकलं, आपण वेणीचं टोक बघायला वाकतो तसं.

मी दार ढकललं. कसं ढकललं ते मलाच माहीत नाही. मला वाटतं मी दारावर पडलेच. आत भिंगरी एकटी स्टुलावर बसली होती. खिडकी बंद. वेणी पार टोकापर्यंत घातलेली. फ्रीजच्या दारावरचा फोन आपोआप उजळला आणि माझ्या डोळ्यांदेखत "भिंगरीची वेणी" यापुढे बारीक हिरवी खूण उमटली.

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता, आश्चर्य वाटलं होतं.

"ताई, तू का आलीस? आज मी तुझ्या नावावर नाहीये."

७

त्या संध्याकाळी मी आयुष्यात बोलले नसेन तेवढं बोलले. आई आणि बाबा टेबलाशी बसले होते. मी काचेचं सांगितलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, लेकीला ताप आला की पाहतात तसं. पण मावशींचं सांगितलं तेव्हा आईने बाबांना विचारलं, की मुलीला रोज तुम्ही आणत होता ना.

बाबा आणत नव्हते. डेपोत माणसं कमी पडायला लागल्यापासून ते काम त्यांनी फ्रीजच्या नावावर टाकलं होतं, तात्पुरतं. हिरवी खूण दिसत होती, म्हणून त्यांना वाटलं मी जादा तास बुडवून जाते आहे, किंवा आई ड्युटी बदलून जाते आहे. आईला वाटत होतं बाबा जातात. वेणी मी घालते असं आईला वाटत होतं. भिंगरीला झोपवतं कोण, हे मी विचारलं. आईने फोन घेऊन एकेक काम वाचलं. भिंगरीची आंघोळ. भिंगरीचं दूध. भिंगरीला गोष्ट सांगणे. कोणतं काम कुणी कधी सरकवलं ते तिघांनाही आठवत होतं, कारण प्रत्येकाने थोडं थोडं सरकवलं होतं. मीसुद्धा. गोष्ट माझी होती.

बाबांनी हातांनी चेहरा पुसला. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "डेपोत त्या नंबरावरची गाडी कुणी घेतली नाही तर ती उभी राहते ग. नुसती उभी राहते. सुटत नाही."

भिंगरी आमच्यामध्ये खुर्चीवर बसून हे ऐकत होती. हात मांडीवर, पाय जुळवलेले.

तेव्हाच आईने बजावलं. हे बाहेर कुठे बोलायचं नाही. पहिलीतली मुलगी कुणाबरोबर घरी येते हे आई-बापाला माहीत नव्हतं, हे लोकांना कळलं तर काय तोंड दाखवायचं. मला वाटतं तिला दुसरंही काही सांगायचं होतं, पण ती थांबली आणि भिंगरीची मान चोळायला लागली, ऊब यावी म्हणून.

बाबांनी जुना फोन बंद करून चमच्यांच्या खणात टाकला. फ्रीजचं नाव काढायला गेले तर ॲपने काढू दिलं नाही. त्याच्या नावावर कामं बाकी होती. कामं परत आपल्या नावावर घ्यायला गेले, तर ज्याचं काम त्याने सोडलं पाहिजे, असं आलं. आईने आपल्या फोनमधून ॲपच काढून टाकलं, बाबांनीही. आईने रजा घेतली. भिंगरीला रोज स्वतः शाळेत सोडलं, स्वतः आणलं. कोपऱ्यावर कुणी दिसलं का, असं मी विचारलं नाही.

पण सकाळी भिंगरी उठायची तेव्हा वेणी घातलेली असायची. चार पेडांची. आई ती सोडायची. तिला सोडवायला खूप वेळ लागायचा. शाळेतल्या बाईंनी सांगितलं की मुलगी फार शहाणी झाली आहे, हल्ली जागची हलत नाही.

८

आईची रजा संपली. आज आम्हा दोघींना सुट्टी आहे. आई दुपारच्या ड्युटीला गेली, बाबा डेपोत. ॲप आता फक्त माझ्या फोनवर आहे. मी ते मुद्दाम ठेवलं होतं. भिंगरीची सगळी कामं माझ्या नावावर द्या, अशी मागणी मी त्यातून रोज करत होते. रोज उत्तर येत नव्हतं.

आज आलं. एकामागून एक. वेणी, सोडलं. दूध, सोडलं. शाळेतून आणणे, सोडलं. गोष्ट, सोडलं. प्रत्येक कामापुढचा पांढरा गोल जांभळा होत गेला. मी खण उघडून पाहिला. जुना फोन चमच्यांत काळाठिक्कर पडला होता, चार्जर केव्हाच काढलेला.

मी भिंगरीला पुढच्या खोलीत घेऊन बसले. वेणी सोडली. आज ती सहज सुटली. केस विंचरले आणि साधी तीन पेडांची घातली, वाकडी, एका बाजूला सैल. ती म्हणाली, ताई तुला येत नाही. मी म्हटलं, येत नाही, पण मीच घालणार. ती खुर्चीवरून उतरली. टेबलाभोवती एक फेरी मारली, जरा अडखळत, पायाला मुंग्या आल्यासारखी. मग दुसरी. मी तिची मान चाचपून पाहिली. कोमट होती. मला रडू आलं, पण ती हसत होती म्हणून मीही हसले.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन उजळला. यादीत सगळ्यात खाली एक नवं काम आलं होतं. मी टाकलेलं नाही. दुसरं कुणी टाकणारं उरलेलं नाही.

मोठीला हाक मारणे. फ्रीज. आज.

म्हणून हे लिहिते आहे. आई-बाबांना यायला वेळ आहे आणि फोनवर माझ्या तोंडून नीट शब्द निघणार नाहीत. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आहे. मी विचार करून ठरवलं आहे. मोठी म्हणून हाक आली तर मी ओ देणार नाही, मग तो आवाज आईचा असो की बाबांचा. मला फक्त भिंगरी ताई म्हणते. बाबा परत आले की त्यांना ही वही दाखवेन. भिंगरी मघापासून टेबलाभोवती फिरते आहे, मला तिचे पाय ऐकू येत आहेत, म्हणजे

आत्ता ऐकू येत नाहीत. लिहायच्या नादात मी वर पाहिलं नाही. स्वयंपाकघराचं दार थोडं उघडं आहे. पाणी प्यायला गेली असेल, तिला तहान फार लागते.

"ताई."

आतून. आवाज भिंगरीचा आहे, अगदी तिचाच. पण मला नुसतं बसून खात्री करता येणार नाही. काचेवर ऊन आहे, खिडकीपाशी तिच्याएवढं काही दिसत नाही. पुन्हा हाक आली, "ताई, ये ना." मी आले म्हणून सांगितलं, मोठ्याने, कारण आत खरंच तीच असली तर कुणीच नव्हतं का, असं तिने पुन्हा कधी विचारायला नको, आणि ती नसली तरी मला जावंच लागेल, भिंगरी आता माझ्या नावावर